बिनबुडबुड्याच्या शेणी

शेणी पेटते का हे पेटवून न बघता मी टेम्पोभर शेणी शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीला दिल्या, आणि त्या पेटल्या नाहीत.

झालं ते एवढंच. एका वाक्यात मावतं. पण पेठेत ही गोष्ट कुणी एका वाक्यात सांगत नाही. चहाच्या गाड्यावर ती सांगायला दोन कप लागतात, आणि सांगणारा रंगात आला तर शेवटी मी रॉकेट उडवता उडवता अर्धी पेठ उडवणार होतो इथपर्यंत मजल जाते. म्हणून म्हटलं, आपणच एकदा लिहून टाकावं. निदान त्यात शेण किती आणि रॉकेट किती याचं प्रमाण तरी बरोबर राहील.

शेणी म्हणजे इतर ठिकाणी जिला गोवरी म्हणतात ती. कोल्हापुरात तिला जरा जास्त मान आहे, कारण आमच्याकडं माणूस शेवटी शेणींवर जातं. शिमगा आला की तालमी आणि मंडळं आपापली होळी लहान करतात, आणि वाचलेल्या शेणी टेम्पोत भरून पंचगंगेकाठच्या स्मशानभूमीला देतात. टेम्पोला हार घालतात, फोटो काढतात, नारळ फोडतात. बाहेरचा पाहुणा हे बघून जरा चपापतो. आम्हाला त्यात काही वाटत नाही. आज तू टेम्पो भर, उद्या तुझ्यासाठी दुसरा कुणीतरी भरेल, असा तो सरळ हिशोब आहे.

आता माझा या सगळ्याशी संबंध काय, तर मी जळणातला माणूस. म्हणजे तसा माझा समज होता. माझी सगळी नोकरी रॉकेटच्या घन इंधनाच्या कारखान्यात गेली. घन इंधन म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी दारूगोळा ठासून भरलेला असणार. प्रत्यक्षात ते काम कारखान्यापेक्षा स्वयंपाकघराच्या जवळचं. प्राणवायू देणारे क्षार, धातूची पूड आणि रबरासारखा चिकट पदार्थ एका मोठ्या भांड्यात मळायचा. मळलेला लगदा साच्यात ओतायचा, तोही आतली हवा शोषून घेत. मग उबदार खोलीत ठेवून सावकाश घट्ट होऊ द्यायचा. जिन्नस तेच, पण मळणं कमी पडलं, क्षाराचे कण जाडेबारीक झाले, ओतताना घाई झाली, तर जळण्याची सगळी चाल बदलते. बारीक कण भराभर जळतात, जाडे सावकाश.

आणि या सगळ्यात मोठा वैरी म्हणजे बुडबुडा. हे इंधन वरून आत असं थराथरानं जळत जावं लागतं. मध्येच पोकळी किंवा चीर असली की ज्वाळेला एकदम जास्त जागा मिळते, धूर जास्त होतो, दाब वाढतो, आणि मग जे व्हायचं ते होतं. ते होऊ नये म्हणून क्ष-किरणांनी तयार नगाची तपासणी करायची आणि आतला बुडबुडा शोधायचा, हे माझं काम. उमेदीची सगळी वर्षं मी बुडबुडे शोधले. सापडला की शेरा मारायचा, "सदोष". त्या शेऱ्याचं सुख काय असतं ते दुसऱ्याला सांगून कळणार नाही.

ही सवय घरी आली. मी दह्याचं भांडं टेबलावर ठोकून बघतो. दिवाळीत बायकोनं वळलेला लाडू दिव्यासमोर धरतो. एकदा पाहुण्यांसमोर ढोकळ्याचा तुकडा मोडून, "आतून फार सच्छिद्र झालाय," असं मी बोललो. बायकोनं प्लेट माझ्या हातातून काढून घेतली आणि पाहुण्यांना म्हणाली, "त्यांना वडी दिली तरी चालंल, ढोकळा नको. त्यांच्या खात्यात बसत नाही."

तर असा मी निवृत्त होऊन पेठेत परत आलो. येताना वाटलं होतं, लोक काहीतरी विचारायला येतील. कुणी आलं नाही. गॅसची शेगडी नीट पेटेना म्हणून शेजारची एक वहिनी आली, आणि ती दुरुस्त करताना मी बटण मोडलं, ते निराळं.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, नेसरीजवळच्या एका खेड्यात दिलेली. घरी म्हशी, थोडा ऊस, थोडं भात. आक्काच्या आळीतल्या बायका शेणी थापून आठवड्याच्या बाजारात न्यायच्या, जिची तिची पाटी जिच्या तिच्या डोक्यावर. आक्काच्या मनात आलं की हे सगळ्यांनी मिळून करावं आणि माल थेट कोल्हापूरला द्यावा. बायकांना हे पटवायला तिला दारोदार फिरावं लागलं. निम्म्या म्हणाल्या, नको बाई, आपलं आपण बरं. शेवटी तिच्या शब्दावर तयार झाल्या. आमच्या तालमीचा अध्यक्ष माझा लहानपणचा दोस्त, तो आक्काला ओळखतो, तो म्हणाला, "ह्या शिमग्याला आक्काकडनं घेऊ. माल बरा आला तर दरसाल घेऊ, शेजारच्या तालमींनाबी सांगतो." म्हणजे हे पहिलंच काम होतं. ते जमलं तर बायका टिकणार होत्या. फसलं तर पाट्या परत जिच्या तिच्या डोक्यावर, आणि गावात आक्कानं कुणाला काही सुचवायची सोय उरली नसती.

अध्यक्षाची तक्रार एकच होती. आदल्या साली कुठूनतरी आणलेल्या शेणी टेम्पोतच मोडल्या होत्या. "निम्मा माल भुगा झाला बघ," तो मला म्हणाला. "फावड्यानं काढला. फोटोत काय दाखवायचं?"

शेणी मोडते. म्हणजे आतून ठिसूळ. म्हणजे आत पोकळी. माझ्या कानात कुणीतरी घंटा वाजवावी तसं झालं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या विषयातलं बोललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी उद्यमनगरात गेलो. तिथला मिस्त्री शाळेत माझ्या बाकावर असायचा. आता त्याचं साचे बनवायचं वर्कशॉप आहे, आणि गावातल्या बऱ्याच फौंड्र्या त्याच्या हातचे साचे वापरतात. मी कागदावर चित्र काढून दाखवलं. स्क्रू फिरवून दाबायचा हातप्रेस, गोल साचा, खाली निघणारा तळ.

"काय दाबायचं हाय, सायेब? पितळ?"

"शेण."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "बरं," तो म्हणाला. "वरनं क्रोम मारू काय? म्हंजे शेणाला गंज लागणार न्हाय."

तरी प्रेस त्यानं झकास बनवला. मी तो घेऊन नेसरीच्या एसटीत बसलो. कंडक्टरनं सामानाचं तिकीट घेतलं आणि हे काय म्हणून विचारलं. मी म्हणालो, यंत्र. शेणाचं नाव मी एसटीत घेतलं नाही. एवढी अक्कल तेव्हा होती.

आक्काच्या गोठ्यामागं बायका जमल्या होत्या. त्या शेणात उसाचा पाला आणि भाताचं तूस मिसळत, गोळा घेऊन जमिनीवर थापत, वर पाची बोटं उठत. मी हात वर करून काम थांबवलं. पाला बंद, तूस बंद. काडी म्हणजे अशुद्धी. शेण चाळणीतून काढायचं, लोण्यासारखं मळायचं, साच्यात भरून चारी बाजूंनी ठोकायचं म्हणजे हवा वर येते, मग स्क्रू पिळायचा, हाताला कळ लागेपर्यंत. आणि वाळवायचं उन्हात नाही, सावलीत. भराभर वाळलं की चिरा पडतात. आमच्याकडं याला मोठा शब्द आहे, तो मी त्यांना सांगितला. त्यांनी तो ऐकला आणि पदर तोंडाला लावला.

"शेण चाळायचं म्हणतोय," एक म्हातारी दुसरीला म्हणाली. "पुरण करतोय जणू."

आक्का मात्र हसली नाही. ती बायकांना म्हणाली, "माझा भाऊ हाय त्यो. रॉकेटं केल्यात त्यानं. सांगतोय तसं करा." आणि हे ती इतक्या अभिमानानं म्हणाली की मी त्या जागी शहाणा असतो तरी मागं फिरलो नसतो.

शेणी झाल्या त्या काय सांगू. एका मापाच्या, एका जाडीच्या, कडा अशा की बोट फिरवत राहावं. मी एक शेणी करवतीनं मधोमध कापली. आत एक छिद्र नाही. मला खरंच भरून आलं. मग चाचण्या. स्लॅबवरून टाकली, फुटली नाही. टेम्पोच्या चाकाखाली ठेवली, टेम्पो वरून गेला, शेणीवर फक्त टायरची नक्षी उठली. आक्काच्या नातवानं तिच्यावर उभं राहून नाचून बघितलं.

आक्कानं तेव्हा एकदाच विचारलं, "पेटतीय न्हवं?"

"आक्का, शेण हाय ते," मी म्हणालो. "शेण पेटत न्हाय असं कुठं झालंय?"

आणि मी पेटवून बघितली नाही. आता लोक विचारतात, बघितली का नाहीस. त्याचं उत्तर कुणाला पटत नाही, तरी खरं तेच आहे. आमच्या कारखान्यात जाळून बघणं हे दुसऱ्या खात्याचं काम होतं. त्यांची इमारत लांब, तटबंदीच्या पलीकडं. माझ्या हाताखालून गेलेला नग मी सगळ्या नोकरीत कधी स्वतः पेटवला नाही. माझं काम बुडबुड्यापर्यंत. त्यापुढचं ते बघतील, अशी डोक्याची घडणच झालेली. फक्त आक्काच्या गोठ्यामागं ते दुसरं खातं नव्हतं, एवढं माझ्या ध्यानात आलं नाही.

होळीच्या दिवशी दुपारी टेम्पो तालमीपुढं लागला. आक्का आणि तिच्या बायकाही त्याच टेम्पोतून आल्या होत्या, ठेवणीतली लुगडी नेसून, कारण अध्यक्षानं त्यांचा नारळ देऊन सत्कार ठेवला होता. शेणी उतरवायला पोरं पुढं झाली, आणि उतरवता उतरवता थांबून बघायला लागली.

"एकबी मोडली न्हाय," अध्यक्ष म्हणाला. त्यानं एक शेणी दुसरीवर आपटली. खण्ण असा आवाज आला. "आयला. मोरीत बसवाय झक्कास हायत."

मी नम्रपणे हसलो. नम्रपणे हसायची मी घरी आरशासमोर तयारी केली होती.

संध्याकाळी होळी रचली. मध्ये एरंडाची फांदी, भोवती माझ्या शेणींचे थर, एकावर एक असे बसलेले की मध्ये बोट जाऊ नये. तेही मीच मांडले. बायकांनी निवद दाखवला, पोळ्या दान करायच्या टोपलीत गेल्या, अध्यक्षानं कापूर पेटवून खाली सारला. पोरांनी तोंडावर हात मारत बोंब ठोकली. कापूर जळला. विझला. पुन्हा कापूर. पुन्हा विझला. शेणींच्या कडेला जरा काळं झालं आणि धूर निघाला. धूर मात्र उत्तम निघाला. पांढरा, जाड, सगळ्या गल्लीत भरला. म्हातारी माणसं पदर आणि उपरणी नाकाला लावून घरात गेली. पोरांची बोंब मध्येच खोकल्यात बदलली.

"रॉकेटवालं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आकडं उलटं म्हणायचं राहिलं वाटतं. धा-नऊ-आठ म्हणा की."

"म्हणून झालंय," दुसरा म्हणाला. "हे जमिनीवरचं रॉकेट हाय. धूर तेवढा सोडतंय."

कुणीतरी पेट्रोलची बाटली आणली. अध्यक्ष नको म्हणेपर्यंत ओतलीसुद्धा. भपकन ज्वाळा उठली, सगळ्यांनी हात जोडले, आणि पेट्रोल जळून गेल्यावर शेणी जशा होत्या तशाच खाली बसलेल्या दिसल्या. फक्त एरंड जळला होता.

तेव्हा, त्या धुरात डोळे चोळत उभा असताना, मला कळलं. रॉकेटच्या इंधनाला बुडबुडा चालत नाही, कारण त्याला बाहेरची हवा लागतच नाही. त्याचा प्राणवायू त्याच्या पोटातच मळलेला असतो. शेणीच्या पोटात शेण असतं. तिला जळायचं तर हवा बाहेरून आत गेली पाहिजे, आणि ती जायचे सगळे रस्ते मी चाळून, ठोकून, पिळून बंद केले होते. पाल्याची काडी जळली की तिच्या जागी बोगदा होतो, तुसामुळं भेगा राहतात, बोटांच्या वळांमुळं पेटायला जागा वाढते. ज्याच्यावर मी आयुष्यभर "सदोष" असा शेरा मारला, त्याच्याच जोरावर शेणी जळते. शिवाय इतक्या दाबलेल्या आणि सावलीत ठेवलेल्या शेणी आतून अजून ओल्याच होत्या. हे सगळं कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोराला ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. शेणाला लावायचं सुचलं नव्हतं, एवढंच.

इथं गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण मला उलगडा झाला होता, आणि उलगडा झाला की तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मी कट्ट्यावर चढलो आणि धुरातल्या लोकांना प्राणवायू समजावून सांगायला लागलो. आतला वेगळा, बाहेरचा वेगळा. घनता. पृष्ठभाग. लोक ऐकत होते, म्हणजे त्यांना धुरातून बाहेर जायची वाट सापडत नव्हती.

अध्यक्षानं हात वर केला. "म्हंजे गड्या, शेणीला श्वास लागतोय."

"बरोबर."

"आणि तू तिचा गळा दाबलास."

"तसं म्हणता येईल."

"आणि आत्ता आमचा दाबालाईस. खाली उतर."

बायको गर्दीत होती. तिनं मान दुसरीकडं वळवली, जणू मी तिचा कुणी लागतच नाही.

हसणं ओसरल्यावर अध्यक्ष आक्काकडं गेला. ती कट्ट्याच्या कडेला बसली होती, मांडीवर सत्काराचा नारळ. तिच्या बायका तिच्यामागं उभ्या. अध्यक्ष तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आक्का, होळीचं काय न्हाय. होळी म्हंजे गंमत. पण हा माल मला नदीला पाठवता येत न्हाय." तो हळू बोलत होता, पण मला ऐकू येत होतं. "आमचं वडील गेलं तवा पाऊस लागलेला. शेणी भिजलेल्या. मी पेटवाय गेलो तर पेटंना. परत परत लावलं. मागं लोक उभी, कुणी घड्याळ बघालंय, कुणी मोबाईल. मला वाटालंय, मी बापाला नीट जाळू शकंना. ते मी दुसऱ्या कुणाच्या पोराला बघाय लावणार न्हाय."

आक्का म्हणाली, "नगंच पाठवू." एवढंच. मग मागं वळून बायकांकडं बघितलं. त्यातल्या एकीनं मान खाली घातली. मला वाटलं, त्या क्षणी तिनं मनातल्या मनात पाटी डोक्यावर घेतली.

मग माझ्यातला शास्त्रज्ञ पुन्हा उठला. मी म्हणालो, "फोडल्या तर पेटतील. तुकडे केले की पृष्ठभाग वाढतो." हे खरं होतं. हातोडा आणला. हातोडा शेणीवरून उसळून आला. तालमीतला एक पैलवान पुढं आला, त्यानं शेणी गुडघ्यावर मोडायचा प्रयत्न केला आणि लंगडत मागं गेला. शेवटी घणानं काही फोडल्या. तुकडे मोकळे रचल्यावर ते पेटले खरे, पण टेम्पोभर शेणी घणानं फोडणार कोण. पैलवानानं गुडघा चोळत माझ्याकडं बघितलं तेव्हा मी तो विषय सोडून दिला.

आक्का उठली. नारळ तिनं अध्यक्षाच्या हातात परत दिला. "ह्यो आत्ता ठेव," ती म्हणाली. "रंगपंचमीपातूर मला मुदत दे. हातानं थापलेल्या आणतो. पेटवून बघ, मग घे. न्हाय पेटली तर परत तोंड दाखवणार न्हाय."

"आक्का, एवढ्यात वाळणार काय?"

"फाल्गुनातलं ऊन हाय. वाळतंय की." मग माझ्याकडं न बघता, "ह्योबी येणार हाय संगट."

मी गेलो. टेम्पोत मागं, बायकांच्यात, माझ्याच शेणींवर बसून. बसायला मात्र त्या फार सोयीच्या होत्या.

पुढचं काही दिवसांचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी बाजू फारशी नाही. पहिल्या दिवशी मला पाला बारीक करायला बसवलं. दुसऱ्या दिवशी एक गोळा थापू दिला. मी सवयीनं दाबून थापला. शेजारची म्हातारी म्हणाली, "दादा, तुमचं तिच्याशी कायतरी जुनं वैर हाय." मग मी हलक्या हातानं थापला, तर तो वाळल्यावर तीन ठिकाणी फुटला. दुपारी मला सुचलं की बोटांच्या वळांमधलं अंतर मोजून कोणतं चांगलं पेटतं ते बघावं. मी पट्टी मागितली. आक्कानं पाण्याची कळशी दिली आणि म्हशीकडं बोट केलं.

एक मात्र मी स्वतः केलं. रोज वाळत्यातली एक शेणी उचलायचो आणि चुलीपाशी नेऊन पेटवायचो. पेटली की बायकांना ओरडून सांगायचो. पहिल्यांदा त्या हसल्या. मग एकीनं येऊन बघितलं. मग सगळ्याच येऊन बघायला लागल्या. शेण पेटतं यात त्यांना नवल नव्हतंच. पण धास्ती त्यांनाही होती, आणि रोज संध्याकाळी एकदा ती जाळ बघून उतरायची. दुसरं खातं हे असं असतं, हे मला या वयात कळलं. नोकरीत कळलं असतं तर बरं झालं असतं, असं बायको म्हणते. पण नोकरीत मी तटबंदीपलीकडं गेलो असतो तर काय झालं असतं, हेही तीच म्हणते.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी टेम्पो पुन्हा तालमीपुढं लागला. या खेपेला बायका साध्याच लुगड्यात होत्या. अध्यक्षानं कुणाला उतरवू दिलं नाही. स्वतः वर चढला, मधल्या थरात हात घालून एक शेणी काढली. वाकडी, एका बाजूला जाड, वर पाच बोटं. थोड्या कडा मोडलेल्या होत्या. त्याबद्दल तो काही बोलला नाही. खाली उतरून तालमीच्या अंगणात ती विटांवर उभी ठेवली आणि काडी लावली.

आक्का टेम्पोच्या फाळक्याला धरून उभी होती. मी तिच्याशेजारी उभा राहायला गेलो तर ती एक पाऊल बाजूला सरकली.

कडेला लाल रेघ उठली, काडी तडतडली, आणि पाल्याच्या भेगांतून ज्वाळा सरळ वर आली. धूर नावाला. अध्यक्ष गुडघ्यावर हात ठेवून ती पूर्ण धरेपर्यंत बघत राहिला. मग आणखी एक काढली, दुसऱ्या थरातली. तीही पेटली. तिसरी त्यानं काढली नाही. आत गेला आणि तोच नारळ आणून आक्काच्या हातात दिला.

"टेम्पो असाच नदीला जाऊ दे," तो ड्रायव्हरला म्हणाला. मग आक्काला, "पुढच्या सालीबी तुमच्याकडनंच. शेजारच्या तालमीचा अध्यक्ष मघाशी बघून गेला, त्याचंबी तुम्हीच बघा."

आक्कानं मागं वळून बायकांकडं बघितलं. होळीच्या रात्री मान खाली घालणारी ती आता टेम्पोवर चढून शेणी नीट लावायला लागली होती.

"पण आक्का, एक अट हाय," अध्यक्ष म्हणाला.

"बोल की."

त्यानं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. "ह्येला परत शेणाजवळ उभा करायचा न्हाय."

"म्हशींचंबी तेच म्हणणं हाय," आक्का म्हणाली.